लाभ, दोन, तीन

फॉर्मवर सत्तावीस प्रश्न.
प्रत्येकापुढे चार चौकटी, शून्य ते तीन.
वर ठळक अक्षरांत सूचना:
फक्त मागच्या चार आठवड्यांचं विचारा.

दुसऱ्या गुरुवारी मी तालुक्याहून येते,
साडेदहाच्या एसटीनं, सावरटेकला.
ओसरीत सतरंजी, तांब्या, आणि खांबाला टेकून
शालिक बोबडे, वय चौतीस.

प्रश्न सहावा. सिनेमा, नाटक, हॉटेल, वाचनालय,
यांपैकी कुठे जाणं झालं?
पंचफुलावहिनीचं सूप हवेतच थांबतं.
"बाप्पा! इथं कोण गेलं?"
सगळ्या गावाला शून्य.
सरपंचाला धरून.

प्रश्न नववा. स्वतःहून बोलायला सुरुवात करतो का?
"करते ना. म्हशीसंग करते.
रेडिओसंग भांडते, पण रेडिओ बंद असन तवाच."
ती हसते, मग हसल्याचं वाईट वाटून
पुन्हा तूर पाखडायला लागते.
मी एक लिहिते, खोडते.
दीडची चौकट नाही.

आवाज येतात का अजून?
हे मी त्यालाच विचारते.
तो बराच वेळ घेतो.
"येते. पण आता विहिरीच्या तिकडून येते.
पयले उशीखालून येत होते."
हे अंतर मीटरमध्ये किती भरेल?
मी अंगणाकडे बघते. पंधरा पावलं असतील.

अकरावा, शेजाऱ्यांशी संबंध.
थोरला भाऊ पुढे सरसावतो.
धुऱ्यावरच्या एका बोरीपायी
सहा वर्षं झाली, चुलतभावाशी शब्द नाही त्याचा.
"याचं काई खरं नाई म्याडम,
हा कोनाशीच बोलत नाई."
शालिक माझ्या चपलांकडे बघत असतो.
एक उलटी पडली आहे.
उठतो, सुलटी करतो,
परत खांबाला टेकतो.
असा प्रश्न मी पुढची तीन पानं शोधते.

चौदावा. समारंभात सहभाग.
निस्तान्यांच्या पोरीचं लग्न झालं परवा.
एरवी त्याचं ताट घरी यायचं, वरून पत्रावळ झाकून.
या वेळी त्यानं जग उचलला
आणि पंगतीत पाणी वाढलं.
हात गोळ्यांनी थरथरतात, थोडं सांडलं.
लोकांनी ग्लास पुढे केले.
एकानं ग्लासावर तळवा ठेवला.
"मग रे?"
"मंग काय? पुढं गेलो.
त्याले तहान नसन."
मी तीनच्या चौकटीत खूण करते, ठसठशीत.
तळवा ठेवणाऱ्याला किती द्यायचे,
त्याचा फॉर्म अजून छापून आलेला नाही.

बेरीज होते चोवीस. मागच्या खेपेला बावीस होती.
डॉक्टर विचारतील, दोनानं वाढली म्हणजे काय झालं?
"सुधारणा," मी म्हणेन.
अहवालात एवढाच शब्द बसतो.

निघताना कौतिकाबाई येते, डोक्यावर टोपलं,
वाट्याची तूर मोजून घ्यायला.
भावाकडे बघतही नाही ती.
"शालिक, माप टाक रे बाबू."
तो उकिडवा बसतो, पायली शिगोशीग भरतो,
हात थरथरतो, शीग घसरते,
तो पुन्हा दाणे वर चढवतो.
ओततो. म्हणतो, "लाभ."
एक म्हणत नाही. त्याच्या आजानं नाही म्हटलं,
तोही म्हणत नाही.
दोन. तीन. च्यार. पाच.
पाचावर थांबतो.
मान विहिरीकडे वळलेली, कोणी बोलतंय तिकडून.
कौतिकाबाई पदरानं मान पुसते, उभी राहते.
पंचफुलाचं सूप थांबतं.
कोणी हाक मारत नाही, कोणी आकडा सुचवत नाही.

"सा," तो म्हणतो.

एसटी वळणावर आली आहे, हॉर्न वाजतोय.
मी सातापर्यंत थांबते.